देव हलतो ती जागा

मुळशीच्या धरणात धामणवाडी बुडाली तेव्हा नथूचा जन्मही झाला नव्हता. तरी त्या गावात कुणाच्या परड्याला कुणाची पडवी लागून होती ते त्याला विचारलं असतं तर त्यानं डोळे मिटून सांगितलं असतं. त्याच्या आईनं, तुळजाबाईनं, लहानपणापासून त्याला ते गाव घोटून घोटून शिकवलं होतं. नव्यानं लग्न होऊन ती त्या गावात आली आणि दोन-चार वर्षांतच पाणी चढलं. लोक डोंगराच्या कुशीत वर सरकले, भांडीकुंडी, गुरंढोरं, दाराच्या चौकटीसुद्धा घेऊन. भैरोबाचं देऊळ तेवढं उचलता आलं नाही. ते पाण्याखाली गेलं आणि तेव्हापासून तुळजाबाई पाण्याकडे पाठ करून बसायला शिकली. अंगणात धान निवडायला बसली तरी तिचं तोंड डोंगराकडे असायचं. घरातल्या कुणी त्याबद्दल तिला कधी विचारलं नाही.

धरणानं गाव गिळलं तसा रस्ताही गिळला. पौडच्या बाजाराला जायचं तर डोंगरातून अख्खा दिवस वळसा घालावा लागे, नाहीतर होडीत बसून वारा म्हणेल तसं जावं लागे. शेवटी स्वराज्य येऊन दहा-अकरा वर्षं झाल्यावर काठावरच्या वाड्यांना शहाणपण सुचलं. त्यांनी मिळून एक सहकारी मंडळी काढली आणि कोकणातल्या कुठल्याशा बंदरातून मोडीत निघालेली एक लाँच आणली. माणसं तिला आगबोट म्हणत, आणि त्या बिचारीत आग म्हणावी असं काही शिल्लकच नव्हतं. इंजिन कधीच मेलेलं होतं. मग तिच्या पोटात विहिरीवर पाणी उपसायचं एक नवंकोरं दोन सिलिंडरचं ऑईल इंजिन बसवलं. नथू पौडच्या भाताच्या गिरणीत चार वर्षं इंजिनावर होता, म्हणून त्याला ड्रायव्हर केलं.

इंजिन बसवायला पुण्याहून भाजेकर नावाचे इंजिनिअर आले होते. उंच, काटकुळे, आणि बोलायला लागले की समोरचा ऐकतोय की नाही याची फिकीर नसलेले. पहिल्यांदा लाँच पाण्यात चालवली तेव्हा हळू असताना ती नीट चालली, जोरात असताना तर फारच छान चालली, पण मधल्या एका वेगाला आली की सगळी अंगातून थरथरायची. फळ्या खडखडायच्या, दात दातावर वाजायचे. भाजेकरांनी खाली वाकून फिरत्या शाफ्टाच्या बेअरिंगवर हात ठेवला, बराच वेळ तोंडातल्या तोंडात आकडेमोड केली आणि मग नथूला शेजारी बसवून समजावलं.

शाफ्टाच्या एका टोकाला इंजिनाचं जड चाक, दुसऱ्या टोकाला पाण्यातला पंखा, मधे ही लांब पोलादी कांब. तुला वाटतं, दोन्ही टोकं एकदमच फिरतात. तसं नसतं. चाक जरासं पुढं जातं, पंखा मागं राहतो, मग पंखा पुढं येतो आणि चाक मागं राहतं. बायका लुगडं पिळतात तसा हा शाफ्ट फिरता फिरता पिळतो आणि सुटतो, पुन्हा उलटा पिळतो आणि सुटतो. डोळ्यांना दिसत नाही एवढंच. या पिळण्याची त्याची स्वतःची एक चाल असते. इंजिनाचे ठोके त्या चालीत येऊन मिळाले, की झोक्यावर बसलेल्याला नेमक्या वेळेला ढकलत राहावं तसा पीळ वाढत जातो. पोलाद झालं म्हणून काय, ते तरी किती सोसणार. एक दिवस चिरतं, आणि चिरलं की तुटायला वेळ लागत नाही.

खरा उपाय म्हणजे जाड शाफ्ट. तो बसेपर्यंत भाजेकरांनी वेगाच्या मुठीशेजारच्या पट्टीवर दोन तांबड्या रेघा मारून दिल्या आणि नथूला बजावलं, की मूठ या दोन रेघांच्या खाली ठेव नाहीतर वर ठेव, मधे मात्र कधी रेंगाळू नकोस. ओलांडायची तर झटकन ओलांड. नथूनं मान डोलावली. त्याला सगळं समजलं होतं. ही गोष्ट न समजलेल्या माणसाची असती तर बरं झालं असतं.

पहिल्या दिवशी लाँच माणसांनी गच्च भरून निघाली. तुळजाबाई यायला तयार नव्हती, लेकाची आगबोट म्हणून बायकांनी तिला ओढून आणली. ती पुढच्या फळीवर खाली मान घालून बसली होती. बुडालेल्या धामणवाडीवर लाँच आली तेव्हा म्हाताऱ्या माणसांनी नथूला जरा हळू घ्यायला सांगितलं, देवाला हात जोडायचे होते. नथूनं मूठ ओढली. माणसं जास्त, वारा आडवा, अगदी खाली घ्यावी तर लाँच सुकाणूला दाद देईना. म्हणून त्यानं मूठ दोन रेघांच्या मधे ठेवली. क्षणभराचा प्रश्न आहे असं त्याला वाटलं.

लाँच थरथरायला लागली. फळ्या वाजू लागल्या, कुणाच्या तरी तांब्यातलं पाणी थुईथुई नाचलं. माणसं घाबरून एकमेकांना धरायला लागली, आणि तेवढ्यात तुळजाबाई उभी राहिली.

"हलला," ती म्हणाली. "माजा देव हलला. आमी वर आलो त्ये कळलं त्याला."

मग ती रडली, रडता रडता हसली, आणि आयुष्यात पहिल्यांदा वाकून तिनं त्या पाण्याकडे पाहिलं. सगळ्या लाँचभर हात जोडले गेले. नथूच्या जिभेवर शाफ्ट आला होता, चाक आलं होतं, पंखा आला होता. त्यानं ते सगळं गिळून टाकलं. आईला हसताना पाहून कुठल्या मुलाला असली गोष्ट सांगवेल? सांगू पुढं कधीतरी, असं म्हणून त्यानं मूठ वर केली.

ते पुढं कधीतरी काही आलं नाही. आली ती रीत. लाँच धामणवाडीवर आली की हळू व्हायची, थरथरायची, आणि माणसं नारळ वाहायची. नवी नवरी आणली की तिला आधी त्या जागेवर देव हलवून दाखवायचा. बाळाला पहिल्यांदा बाहेर काढलं की तिथं न्यायचं. दुसऱ्या काठाची माणसंसुद्धा रविवारी मुद्दाम येऊ लागली. नथूला लोक देवाचा ड्रायव्हर म्हणायला लागले आणि, खोटं कशाला बोला, त्यालाही ते गोड लागायला लागलं. एकदा तो घाईत न थांबता निघून गेला, तर दोन दिवस त्याच्याशी कुणी धड बोललं नाही. मंडळीच्या चेअरमननं तर जाड शाफ्टाची गोष्टच बाजूला टाकली. लाँच चालतेय, देव पावतोय, मग खर्च कशाला, असं त्याचं म्हणणं. यात बुद्धीनं कुणी अडाणी नव्हतं, सगळे आपापल्या जागी समाधानी होते, आणि शाफ्ट बिचारा रोज दोनदा पिळवटून निघत होता.

नथूचं लग्न झालं. मुलगी कासारसाईची, रत्नाबाई. तिकडचं सपाट रान पाहिलेली पोर, एवढं पाणी तिनं कधी बघितलंच नव्हतं. देवाच्या जागेवर लाँच थरथरली तेव्हा तिनं सगळ्यांदेखत नथूची बाही घट्ट धरली. बायका हसल्या. पुढं तिला दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा गर्भ टिकला नाही. मग तिनं त्याच जागेवर पदर पसरून देवाकडे मूल मागितलं. नथू मुठीवर हात ठेवून बघत होता. त्या दिवशी त्यानं मूठ नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ मधे ठेवली, कारण तिचे डोळे अजून मिटलेले होते.

पानशेत फुटलं त्याच्या पुढच्या वर्षी रत्नाला पुन्हा दिवस गेले, आणि या वेळी गर्भ टिकला. नववा महिना लागला. तुळजाबाई सुनेला भुईवर पाय ठेवू देत नव्हती. आणि त्याच दिवसांत, पावसाळा सरल्यावर, इंजिन साफ करताना नथूला शाफ्टावर केसासारखी एक रेघ दिसली. त्यानं फडक्यानं पुसली. जरा वेळानं ती पुन्हा तेलानं ओली होऊन वर आली. रेघ सरळ आडवी नव्हती. लुगडं पिळल्यावर वळ्या जशा तिरक्या पडतात तशी ती शाफ्टाला तिरकी वेढत गेली होती.

त्यानं त्याच दिवशी जाऊन चेअरमनला सांगितलं. चेअरमननं पुण्याला माणूस पाठवला. भाजेकरांचा उलट निरोप आला, की नवा शाफ्ट करायला टाकतो, तो येईपर्यंत इंजिनाला हात लावू नका. लाँच काठाला बांधून ठेवली. देव रुसला का म्हणून लोक विचारू लागले, नथूनं काम निघालंय म्हणून सांगितलं. ते काम कसलं, हे सांगायची ती वेळ होती. त्यानं तीही जाऊ दिली.

कार्तिकात एका पहाटे रत्नाला कळा सुरू झाल्या. धनगरवाड्यावरची राजाबाई सुईण म्हणून साऱ्या पंचक्रोशीत नावाजलेली. ती आली, तिनं पोट चाचपलं, तेल लावलं, पुन्हा चाचपलं, आणि ऊन अंगणात उतरायच्या सुमाराला बाहेर येऊन नथूसमोर हात धुतले.

"लेकरू आडवं हाय," ती म्हणाली. "फिरवून बगितलं, फिरंना. माज्या हातातलं न्हाई ह्ये. डाक्टरकडं न्ह्या, आन आत्ता न्ह्या."

डोलीत घालून डोंगरातून न्यायची तर रात्र पडली असती. होडीनं जावं तर कार्तिकातला पूर्वेचा वारा तोंडावर, वल्ही मारून मारून हात गळाले असते तरी धरणाची भिंत जवळ आली नसती. भिंतीपाशी मात्र मोटार मिळायची, आणि मोटारीनं पौडचा दवाखाना काही लांब नव्हता. तिथवर पोचवेल अशी एकच गोष्ट काठाला बांधलेली होती. आतून रत्नाचं ओरडणं ऐकू आलं आणि नथू धावत पाण्याकडे सुटला. शेजारचा कुशाबा लाँचवर त्याच्या हाताखाली काम करायचा. त्याला त्यानं दोर सोडायला सांगितलं.

रत्नाला घोंगडीत घालून आणलं आणि मागच्या बाजूला फळ्यांवर निजवलं. राजाबाई तिच्या उशाशी बसली. तुळजाबाई एका हातात पिशवी घेऊन चढली. पिशवीत काय आहे ते बघायला नथूला सवड नव्हती. त्यानं इंजिन सुरू केलं आणि मूठ खालच्या रेघेच्या खालीच ठेवली. शाफ्टावर त्याची नजर खिळली होती. त्याच्यावरची चीर फिरण्यात दिसेनाशी झाली होती, पण ती तिथं आहे हे त्याला माहीत होतं.

लाँच काठापासून निघाली आणि उघड्या पाण्यावर आली. तिथं वाऱ्यानं तिला धरलं. इंजिन ठोके देत होतं, पंखा पाणी कापत होता, आणि डावीकडच्या काठावरचा एक उंबर होता तिथंच उभा होता. नथूनं बराच वेळ त्या उंबराकडे पाहिलं. तो मागं सरकेना. एक जोराची झुळूक आली तेव्हा तर तो चार हात पुढंच गेल्यासारखा वाटला. मागून रत्नाची किंकाळी आली, मग दुसरी, आणि दोहोंच्या मधलं अंतर कमी होत चाललं होतं. या वेगानं ती लाँचवरच मरणार हे नथूला कळून चुकलं.

वर जायचं तर रेघांमधून जावं लागणार होतं. झटकन गेलं तर शाफ्ट कदाचित टिकेल. एकदा वर गेलं की वरच राहायचं, आणि खाली यायचं ते एकदम भिंतीजवळच्या धक्क्यापाशी, तिथं तुटला तरी हरकत नाही. नथूनं मनातल्या मनात कुणाची तरी करुणा भाकली. भैरोबाची की त्या पोलादाची, हे त्याला सांगता आलं नसतं. त्यानं मूठ एका झटक्यात वर सारली.

लाँच शहारली. फळ्या एकदा खडखडल्या. आणि मग थरथर ओसरली, इंजिनाचा आवाज भरदार झाला, लाँचच्या पुढच्या टोकाखालून पाण्याच्या दोन पांढऱ्या कडा उठल्या. उंबर मागं पडला. नथूच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं, ते त्यानं पुसलंसुद्धा नाही. टिकला. शाफ्ट टिकला होता. असंच धरून राहिलं तर रत्ना वाचणार होती.

अर्धं पाणी कापून झालं. समोर डोंगराचा एक सुळका आणि त्याच्या रेषेत काठावरचे दोन काळे खडक आले, म्हणजे धामणवाडी आली. तुळजाबाई उठून नथूजवळ आली. तिच्या हातात नारळ होता, पिशवीत हळदकुंकू होतं. तिनं काही सांगायची गरजच नव्हती, एवढ्या वर्षांची रीत होती. नथूनं मूठ ओढली नाही तेव्हा तिनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

"हळू घे," ती म्हणाली.

नथूनं नाही म्हणून मान हलवली.

"नथू, देव आला. हळू घे. त्याला हलू दे एकदा, पोर मोकळी हुईल."

"आये, आज न्हाई."

"आजच्यापरीस मोठं काम कदी पडायचं हाय त्याच्याकडं?"

आणि मग जी गोष्ट त्यानं चांगल्या दिवसांत, सावकाश, आईला समोर बसवून सांगायला हवी होती, ती त्यानं इंजिनाच्या आवाजावर ओरडून, घाईघाईत, तिच्या कानात कोंबली.

"आये, त्यो देव न्हाई. देव कदी हललाच न्हाई. ह्यो शाफ्ट पिळतुया, म्हून बोट हलती. ह्या रेघांच्या मदी मूठ ठेवली की कुटं बी हलंल, हितं न्हाई तर काठाला बी हलंल. आन आता त्याला भेग पडलीया. हळू घेतली तर तुटंल. तुटला तर रत्ना जाईल."

तुळजाबाई त्याच्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग आला असता तर नथूला बरं वाटलं असतं. तिथं रागही नव्हता, समजही नव्हती. सुनेच्या ओरडण्यानं लेकाचं डोकं फिरलंय, असं त्या माउलीला वाटलं असावं. ती नारळ मांडीवर घेऊन इंजिनाशेजारच्या पेटीवर बसली. नथूला वाटलं, तिला पटलं.

तेवढ्यात राजाबाईनं मागून हाक मारली. रत्नाचे डोळे फिरत होते आणि ती नथूला बोलवत होती. नथूनं सुकाणूचं चाक कुशाबाच्या हातात दिलं, मुठीला हात लावू नको म्हणून त्याला दोनदा बजावलं आणि मागं धावला. रत्नाचा चेहरा पांढराफटक पडला होता. केस घामानं कपाळाला चिकटले होते. तिनं त्याची बाही धरली.

"देव आला का?" तिनं विचारलं. "मला कळंना. हलला न्हाई अजून."

नथू तिला काहीतरी सांगायला वाकला. काय सांगणार होता, कुणास ठाऊक. तोंडातून शब्द फुटायच्या आधी त्याच्या तळव्यांना थरथर लागली. पायांखालच्या फळ्या वाजू लागल्या. रत्नाच्या उशाशी ठेवलेल्या तांब्यातलं पाणी थुईथुई नाचलं.

त्यानं मागं वळून पाहिलं. तुळजाबाई दोन्ही हातांनी मूठ धरून उभी होती. एवढ्या फेऱ्यांत तिनं लेकाचा हात नीट बघून ठेवला होता, आणि मूठ बरोबर तिथं होती जिथं तो रोज ठेवायचा. कुशाबा चाक सोडू की नको अशा अवस्थेत नुसता ओरडत होता. आणि तुळजाबाईचं तोंड त्या पहिल्या दिवशीसारखं फुललं होतं.

"हलला," ती म्हणत होती. "बग, हलला. खोटं बोलत हुतास तू."

नथूनं झेप घेतली. मधे चार फळ्यांचं अंतर होतं. त्याचा हात मुठीला लागायच्या आत लाँचच्या पोटातून ओला वासा मोडावा तसा आवाज आला, आणि लगेच इंजिन मोकाट सुटल्यासारखं किंचाळायला लागलं. त्याच्यावरचा सगळा भार एकाएकी गेला होता. नथूनं ते बंद केलं. मग इतकं शांत झालं, की लाँचच्या अंगावर आपटणारी एकेक लाट ऐकू येऊ लागली.

"आता हलला," मागून रत्ना म्हणाली. तिनं डोळे मिटून घेतले होते आणि तिचा आवाज निवांत होता.

नथूनं आणि कुशाबानं बसायच्या फळ्या उचकटल्या आणि दोन्ही बाजूंनी पाणी मारायला सुरुवात केली. वारा त्यांना मागं, आले त्याच दिशेला ढकलत होता. कुशाबानं आपलं मुंडासं सोडून हलवलं, दोन्ही काठांकडे बघून हाका मारल्या. नथूच्या हातांची सालं निघाली तरी तो थांबला नाही. समोरचा सुळका तसाच राहिला. फळी पाण्यात घालताना त्याच्या मनात येत होतं, की या पाण्याखाली सरळ गेलं तर देवळाचं दार लागेल आणि आत कुणीही नसेल.

पैलकाठाच्या कोळ्यांनी शेवटी ते मुंडासं पाहिलं. त्यांच्या होड्या येऊन लागेपर्यंत दुपार कलली होती. रत्ना त्याच्या आधीच गेली होती, मूल पोटात घेऊन. राजाबाईनं तिच्या तोंडावरून पदर ओढला आणि ती पाण्याकडे तोंड करून बसली. तुळजाबाई नारळ हातात घेऊन उभी होती. तो तिनं वाहिलाच नव्हता.

गावात हजार बोलणी झाली. कुशाबाला आणि राजाबाईला नथूनं त्यांच्या पायांवर हात ठेवून शपथ घातली होती, त्यामुळे मूठ कुणी ओढली ते बाहेर फुटलं नाही. भाजेकर नवा जाड शाफ्ट घेऊन आले तेव्हा त्यांनी तुटलेला तुकडा हातात घेऊन उन्हात धरला. अर्धा भाग जुना, काळपट पडलेला होता, अर्धा ताजा, दाणेदार. रेघांच्या मधे मूठ कुणी नेली, त्यांनी विचारलं. नथूनं सांगितलं, की मीच नेली, हात सुटला. भाजेकर त्याला बायकोच्या दुःखातला माणूस म्हणून काही बोलले नाहीत, पण निघताना त्यांनी त्याच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती नथूनं निमूटपणे घेतली. लाँच दुसऱ्याच्या हातात गेली. नवा शाफ्ट बसल्यावर ती मधल्या वेगाला थरथरायची बंद झाली. धामणवाडीवर माणसं हात जोडून थांबत आणि काही होत नसे. नथूनं देव घालवला, असं लोक म्हणू लागले. त्यानं तेही ऐकून घेतलं.

तुळजाबाई त्या दिवसापासून बोलायची थांबली होती. पुढ्यात भाकरी ठेवली तर एखादा तुकडा मोडायची. रत्नाचं दहावं-तेरावं झालं, पाहुणे गेले, आणि एका सकाळी नथू गोठ्यातून शेणाची पाटी घेऊन निघाला तेव्हा तिनं त्याला हाक मारली. ती ओसरीवर बसली होती. तिची मान हलत होती.

"खरं सांग," ती म्हणाली. "तू म्हनलास तसं ती शाफच हुती का रं?"

नथूनं पाटी खाली ठेवली. त्याला तिच्या प्रश्नाचा तळ दिसला. शाफ्ट असेल तर या म्हातारीनं आपल्या हातानं सुनेला आणि नातवंडाला मारलं होतं. तेवढं एक वाक्य म्हणजे तिच्या गळ्याला दोर होता, आणि तो तिनं लेकाच्या हातात दिला होता. खरं बोलायची त्याची वेळ एकदा येऊन गेली होती. ती त्यानं चुकीच्या दिवशी, चुकीच्या जागी वापरून टाकली होती.

"न्हाई आये," तो म्हणाला. "मी घाबरून काय बी बोललो. देवच हुता त्यो."

"देवच हलला?"

"व्हय. देवच हलला."

तुळजाबाईनं बराच वेळ त्याच्या डोळ्यांत पाहिलं. मग तिची मान हलायची थांबली. ती भिंतीला धरून उठली आणि आत गेली. देवघरातली भांडी खाली ठेवल्याचा आवाज आला. ती परत आली तेव्हा तिच्या मुठीत भैरोबाचा चांदीचा टाक होता. पाणी चढलं तेव्हा देवळातून निघताना सासूनं तिच्या ओटीत घातलेला, रोज हळद लागून लागून पिवळा पडलेला. तिनं नथूचा हात धरला, टाक त्याच्या तळव्यावर ठेवला आणि त्याची बोटं एकेक करून मिटवली.

"मी त्याला लेकरू मागितलं, आन त्यो हलून माजी पोर घिऊन गेला," ती म्हणाली. "ह्यो पाण्यात टाकून ये. आपल्या घरात नगं."

नथू काहीतरी बोलायला गेला. बोलता येईल असं एकच वाक्य त्याच्याकडे होतं, आणि ते आता कधीच बोलायचं नव्हतं. आईचा देव जाऊ नये म्हणून तो एवढी वर्षं गप्प राहिला होता. तुळजाबाई अंगणात गेली आणि डोंगराकडे तोंड करून बसली. नथूनं टाक मुठीत आवळला आणि तो काठाची वाट उतरायला लागला.